खिळ्यांच्या बाजूची दाढ

कारखान्यात त्याला मुकाटराव म्हणत. तो घुमा नव्हता. जेवणाच्या सुट्टीत चारचौघांइतकं बोलायचा, कुणी ऐकणारा भेटला तर जास्तच. पण काम करताना त्याचं तोंड खिळ्यांनी भरलेलं असे, आणि त्याच्या आयुष्यातला बराचसा भाग काम करण्यातच गेला होता.

तो खुर्च्या आणि सोफे मढवायचा. एका हाताने चामडं ताणून धरायचं, दुसऱ्या हातात हातोडी. खिळा धरायला माणसाला तिसरा हात नाही, म्हणून तोंड. मूठभर खिळे डाव्या गालात टाकायचे आणि खालच्या दाढेला टेकवून ठेवायचे. जिभेने त्यातला एक सुटा करायचा, डोकं बाहेर येईल असा फिरवायचा, ओठांत आणायचा. हातोडीच्या एका तोंडाला लोहचुंबक असतं. ते ओठांशी नेलं की खिळा त्याला चिकटतो. एक हलका ठोका रोवायला, एक जोराचा बसवायला. तोवर जिभेवर पुढचा तयार. "वहिनींच्या वाट्याचं सगळं हातोडीला मिळालं," असं कारखान्यातले लोक म्हणत, आणि तो गालातले खिळे सांभाळत नाकाने हसे.

ज्या उस्तादाकडे तो शिकला, त्याची शिकवण्याची एक रीत होती. नव्या माणसाच्या तोंडात खिळे द्यायचा आणि त्याला कामाला लावून निघून जायचा. मग कधीतरी मागून येऊन पाठीत सणसणीत थाप मारायचा. जो दचकून श्वास आत ओढेल, त्याच्या हाती पुन्हा खिळे द्यायचे नाहीत. त्याने जन्मभर गाद्यांत भरण भरावी. कारण दचकणारा माणूस खिळा गिळतो. अंगठ्यावर हातोडी बसली तरी आई नाही, गं नाही. मान जागची हलवायची नाही. नाकाने सावकाश श्वास घ्यायचा आणि दुखणं आपोआप उतरेपर्यंत वाट पाहायची. तो हे इतकं पक्कं शिकला की पुढे तोंडात खिळे नसतानाही त्याचं अंग तसंच वागू लागलं. बाप गेल्याचं कळलं, तेव्हा तो नाकाने श्वास घेत उभा राहिला होता. लोकांनी त्याला दगड म्हटलं.

लग्नानंतर काही वर्षं त्याची बायको त्याच कारखान्यात खोळी शिवायला होती. तिचं मशीन त्याच्या पाठीमागेच असे. तोंडात खिळे असताना तो फक्त हं करू शकत होता, आणि त्या हंवरच त्यांचा सगळा संसार चाले. आखूड हं म्हणजे कात्री दे. लांबवलेला म्हणजे थांब, टोक धर. नाकातून खाली सोडलेला हं म्हणजे मालक आला, गप्प बस. तिला हे कुणी शिकवलं नव्हतं. पुढे तिचे डोळे अधू झाले, मशीन सुटलं, ती घरी बसली. पण कान तयार झाले ते झालेच.

मग गन आली. हवेवर चालणारी, फटाफट पिना मारणारी. ती चालवायला आलेल्या माणसाचं नावही फटाफटच पडलं. त्याचा सोफा दुपारपर्यंत तयार होई. कारखान्यातले जुने मढवणारे एकेक करून गेले. मुकाटराव राहिला तो एका जुन्या वाचनालयाच्या खुर्च्यांसाठी. त्या खुर्च्यांचं चामडं कडेने पितळी टोपीच्या खिळ्यांनी बसवलेलं होतं. टोपीला टोपी लागून ओळ, मध्ये केसाची फट नाही. असं काम गनने होत नाही. वाचनालयाने सगळ्या खुर्च्या नव्याने मढवायला दिल्या होत्या.

"या खुर्च्या आहेत तोवर मी आहे," तो बायकोला म्हणाला होता.

"आणि मग?"

"मग काय. मग खुर्ची मिळाली तर बसेन."

खुर्च्या निम्म्याही झाल्या नसतील, तेव्हा दाढ दुखू लागली. डावीकडची, खालची, खिळे टेकवायची तीच. उजवीकडच्या खालच्या दाढा केव्हाच गेल्या होत्या. त्या बाजूला खिळे ठेवून पाहिले तर ते घशाकडे घरंगळत. म्हणजे तोंडात भिंत अशी एकच उरली होती. त्याने लवंग धरली, मिठाच्या पाण्याच्या चुळा भरल्या, गोळ्या घेतल्या. ठणका कानात गेला, कानातून मस्तकात गेला, आणि गार पाण्याचा घोट घेतला की डोळ्यांपुढे काजवे चमकू लागले, तेव्हा तो दातांच्या डॉक्टरकडे गेला.

डॉक्टर तरुण होती. तिने एक्स-रे दिव्यासमोर धरला.

"काका, मुळाशी पू आहे. दाढ काढून टाकू या? तुमची सुटका होईल."

"काढायची नाही."

"मग रूट कॅनाल करावं लागेल. आतली नस काढायची, मुळं साफ करायची, भरून टाकायचं. दोन-तीनदा यावं लागेल."

"दाढ राहील?"

"राहील की."

"खिळे धरेल?"

"काय धरेल?"

त्याने सांगितलं. ती आधी हसली. मग हे तिच्या लक्षात आलं की हा माणूस विनोद करत नाहीये, आणि तिने हातमोजे चढवले.

तिने जबड्याच्या मागच्या कोपऱ्यात भुलीचं इंजेक्शन दिलं. थोड्या वेळाने विचारलं, "ओठ जड झाला?" झाला होता. "जीभ? हनुवटी?" सगळं झालं होतं. "मग काही कळणार नाही तुम्हाला. तरी दुखलंच तर डावा हात वर करा, मी लगेच थांबेन."

ओठ मेला होता. अर्धी जीभ मेली होती. हनुवटी कुणा दुसऱ्याची होऊन त्याच्या तोंडाला लटकत होती. आणि त्या सगळ्या मेलेल्या मुलखाच्या मधोमध एकटी दाढ जिवंत होती. मशीन आत शिरलं तेव्हा तिथे जे झालं, त्याला दुखणं हा शब्द पुरत नव्हता. दुखणं माणसाला होतं. इथे माणूसच उरला नव्हता, एक पांढरी रेघ होती आणि ती जबड्यातून डोळ्याच्या मागे जात होती.

त्याने हात वर केला नाही. हे धैर्य नव्हतं. धैर्य म्हणायला निदान दोन वाटा समोर दिसाव्या लागतात. तोंडात धातू होता आणि कळ आली होती. त्याच्या अंगाला अशा वेळी एकच गोष्ट येत होती. मान जागची हलली नाही. नाकाने सावकाश श्वास चालू राहिला. डोळ्यांतून पाणी मात्र कडेने ओघळून कानांत साठलं.

"दिवा डोळ्यांवर येतोय का?" डॉक्टरने विचारलं.

"हं."

तिने दिवा बाजूला केला आणि पुढे चालू ठेवलं. काम संपल्यावर म्हणाली, "बघा, उगाच घाबरत होता."

तिथून तो सरळ कारखान्यात गेला. एक खुर्ची अर्धवट ताणून ठेवली होती, चामडं सैल पडलं असतं. त्याने नेहमीसारखे खिळे गालात टाकले. जीभ जड होती, पण हाताला सवय होती, संध्याकाळपर्यंत दोन कडा झाल्या. शेवटी रिकाम्या तोंडात त्याला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. त्याने जमिनीवर लोहचुंबक फिरवून पाहिलं.

"काय हरवलं, मुकाटराव?" फटाफटने विचारलं.

"एक खिळा."

"गिळला असेल. उद्या सापडेल."

घरी बायकोने ताट वाढलं आणि त्याच्या तोंडाकडे पाहून हातातला डाव खाली ठेवला. ओठाच्या कोपऱ्यातून बारीक लाल धार येत होती. तिने त्याला दिव्याखाली बसवलं, गाल बोटाने बाहेर ओढला. खिळा आतून गालात रुतून बसला होता. नुसती पितळी टोपी दिसत होती. तिने चिमट्याने तो उपसला.

"दुखलं नाही?"

"कळलंही नाही."

"एवढी भूल दिली होती?"

"हं."

"मग दाढेचं काहीच कळलं नसेल."

"हं," तो म्हणाला.

ती चिमटा हातात धरून थांबली. हा दुसरा हं तिच्या ओळखीचा होता. अंगठ्यावर हातोडी बसली की तो असाच यायचा, आत दाबलेला, शेवटाला किंचित फाटलेला.

"म्हणजे भूल लागलीच नाही? सगळं तसंच करून घेतलंत?"

तो ताटाकडे बघत राहिला.

"अहो, सांगायला काय झालं होतं बाईला?"

"सांगितलं असतं तर थांबली असती."

"मग थांबू द्यायची!"

"आणि म्हणाली असती, काढू या."

पुढच्या खेपेला ती त्याच्यासोबत गेली आणि डॉक्टरने स्टूल पुढे करायच्या आत म्हणाली, "यांना दुखतं. मागच्या वेळी सगळं दुखलंय. हे सांगत नाहीत."

डॉक्टरचा चेहरा उतरला. "पण काकांनी हात नाही वर केला."

"ते नाही करणार. हातोडी बोटावर बसली तरी करत नाहीत."

"काका, खरं आहे हे?"

"होतं थोडं थोडं," तो म्हणाला.

डॉक्टरने तिला नीट समजावून सांगितलं. निरोगी दाढेला भूल लवकर लागते. पण आत पू झाला, नस सुजली की तिथलं सगळं आंबतं. औषध त्या आंबलेल्या जागेत उतरतच नाही. ओठ बधिर होतो, गाल बधिर होतो, आणि जिथे हवं तिथेच काही नाही. "आम्ही ओठाला विचारतो आणि दाढेचं उत्तर समजतो," ती म्हणाली. "आज जास्त देते. दोन्हीकडून देते."

तिने दिलं. मागे दिलं, पुढे दिलं, दाढेच्या कडेने हिरडीत बारीक सुई घालून दिलं. मग बर्फासारखा गार बोळा दाढेला लावून विचारलं, "लागतं?"

त्याने मान हलवली. नाही.

पण मशीन सुरू झाल्यावर थोड्याच वेळात बायको स्टुलावरून उठली. "थांबा."

डॉक्टर थांबली. "काय झालं? ते तर शांत आहेत."

"त्यांनी हं केलं."

"मला नाही ऐकू आलं."

"मला आलं ना."

त्याने उघड्या तोंडाने तिच्याकडे पाहिलं आणि नाकातून हं खाली सोडला. मालक आला, गप्प बस. ती गप्प बसली नाही. त्यानंतर डॉक्टर त्याच्याकडे बघेनाशीच झाली. सुई आत घालायची, की आधी बायकोकडे बघायची. बायकोने मान हलवली की थांबायची. असं करत करत मुळांतल्या दोन वाटा साफ झाल्या. तिसरी वाकडी होती आणि तिच्यातली नस अजून जिवंत होती. डॉक्टरने मनगटाने स्वतःचं कपाळ पुसलं.

"आज आणखी भूल देता येत नाही. आत औषध ठेवते, तात्पुरतं बंद करते. पुढच्या वेळी एवढी एकच राहील."

पण दुसऱ्या दिवशी गाल सुजून डोळ्यापर्यंत गेला. तोंड बोटभरही उघडेना, तिथे खिळे कुठले धरायचे. ताप आला. डॉक्टरने गोळ्या बदलून दिल्या आणि सूज उतरेपर्यंत काही करता येणार नाही म्हणाली. तो भिंतीकडे तोंड करून पडून राही आणि मधूनच विचारी, "चामडं झाकून ठेवलंय ना कुणी? ऊन लागलं तर तडकेल."

"विचारून येते," बायको म्हणाली आणि कारखान्यात गेली.

चामडं झाकून ठेवलेलं नव्हतं. चामडं संपलं होतं. खुर्च्या भिंतीशी रांगेने उभ्या होत्या, सगळ्याच्या सगळ्या मढवलेल्या, कडेने पितळी टोप्यांची ओळ. तिला वाटलं, कुणी जुना माणूस परत बोलावला की काय. मग तिने जवळ जाऊन बोट फिरवलं. टोप्या सुट्या नव्हत्या. ती एक लांब पट्टी होती, तिच्यावर खिळ्यांची डोकी उठवलेली. सगळी अगदी सारखी. एकही तसूभर कलती नाही.

"वहिनी," फटाफट मागे येऊन उभा राहिला. त्याचा आवाज खाली आला होता. "वाचनालयवाल्यांना घाई होती. मालकांनी हे पट्टीचं रीळ आणवलं. मी नाही म्हटलं असतं तर दुसऱ्याने लावलं असतं."

"हं."

"मुकाटरावांना एवढ्यात सांगू नका. आधी दाढ बरी होऊ दे."

ती घरी आली. त्याने मान वळवून पाहिलं.

"झाकलंय?"

"हो."

"सगळं?"

"सगळं."

सूज उतरायला बरेच दिवस लागले. तेवढ्या दिवसांत ती रोज सकाळी ठरवी की आज सांगायचं, आणि त्याला कोमट पेज देताना त्याच्या गालाकडे बघून गप्प राही. तो बरा होत होता, किंवा बरा झाल्यासारखं करत होता. एकदा तर तो आरशासमोर उभा राहून गालात शेंगदाणे ठेवून बघत होता, भिंत टिकते का म्हणून. तिला हसू आलं, आणि ती तशीच मागे फिरली. सांगितलं तर दाढ कशासाठी वाचवायची हे त्याला कळणार नाही. नाही सांगितलं तर ज्या गोष्टीसाठी तो पुन्हा त्या खुर्चीत जाऊन पडणार आहे, ती गोष्ट आता कुठेच नाही.

शेवटच्या खेपेला डॉक्टरने सुरुवातीलाच सांगून टाकलं, "काकू, नेहमीची भूल मी देतेच. पण ती पुरली नाही तर एकच उपाय राहतो. सुई थेट नसेत घालायची. ती फार वाईट लागते. क्षणभरच, पण फार वाईट. नंतर बहुतेक बधिर होतं."

"बहुतेक?"

"बहुतेक," डॉक्टर म्हणाली. तिला खोटं बोलता येत नव्हतं.

नेहमीची भूल पुरली नाही. मग ती सुई गेली. बायकोने आजवर त्याचे हजारो हं ऐकले होते, पण तिथे जो आवाज झाला तो त्यांतला नव्हता. तो आवाज माणसाचाही नव्हता. एखादं लाकूड गाभ्यात चिरत जावं तसा होता. त्याचे पाय ताठ झाले, बोटं खुर्चीच्या हातांत रुतली. मान मात्र तेव्हाही हलली नाही.

डॉक्टरने बारीक सुई आत घालून पाहिली आणि लगेच बाहेर काढली. "नाही. अजून जिवंत आहे." ती दमली होती. "मी एक नवी सुई घेऊन येते. तोवर आराम करू दे त्यांना." ती आतल्या खोलीत गेली.

लाळ ओढणारी नळी त्याच्या ओठात घरघरत होती. डोळे मिटलेले होते. बायको स्टूल ओढून त्याच्या डोक्याशी आली आणि खाली वाकली.

"अहो, ऐका. खुर्च्या झाल्यात. मालकांनी पट्टी लावून घेतली, खिळ्यांची. सगळ्या झाल्यात. मी डोळ्यांनी बघून आले. आता कशाला सोसता? काढून टाकू या ती दाढ. कशासाठी ठेवायची?"

तो छताकडे तोंड करून पडला होता. पापणी हलली नाही. मग नाकातून श्वास सुटला, लांब, सावकाश, आणि तिला त्यात त्याचं उत्तर ऐकू आलं. तिने डोळे पुसले.

डॉक्टर परत आली. "काय म्हणतात काका?"

"काढून टाका म्हणतात."

डॉक्टर क्षणभर दोघांकडे बघत राहिली. तिला वाईट वाटलं आणि सुटल्यासारखंही वाटलं, दोन्ही तिच्या तोंडावर दिसलं. ती त्याच्यावर वाकली. "काका, काकू सांगतात तसं करू या ना?"

"हं," तो म्हणाला.

दाढ काढतानाही भूल पुरती लागली नाही. पण ते लवकर झालं. करकर आवाज आला, एक हिसका बसला, आणि ट्रेमध्ये काहीतरी खणकन पडलं. तेव्हा त्याने डोळे उघडले. डॉक्टरने खड्ड्यात कापसाचा बोळा दाबला, घट्ट चावून धरायला सांगितलं, आणि तासभर बोलू नका म्हणाली.

दवाखान्याच्या बाहेर बाक होतं. तिथे दोघं बसून राहिली. रस्त्यावरून माणसं जात होती. कोपऱ्यावरच्या दुकानात कुणीतरी काचेचं मोठं तावदान उतरवत होतं आणि बाकीचे त्याला सूचना देत होते. ती त्याच्या हातावर हात ठेवून होती. तिला हलकं वाटत होतं. इतक्या दिवसांचं ओझं उतरलं होतं, आणि त्याने ते तिच्या अपेक्षेपेक्षा शांतपणे घेतलं होतं.

तास भरायच्या आधीच त्याने बोळा काढला. त्याकडे पाहिलं. जीभ आत त्या रिकाम्या जागी गेल्याचं गालावरून दिसलं.

"का काढली?" तो म्हणाला. शब्द जडपणे, एका बाजूने आले.

"म्हणजे?"

"एकच वाट राहिली होती. अजून एकदा घातली असती तिने सुई. मी धरून होतो." त्याने तिच्याकडे पाहिलं. "आता खुर्च्यांचं कसं करू मी?"

तिचा हात त्याच्या हातावरच राहिला. "मी सांगितलं ना तुम्हाला. तिथे. तुमच्या कानाशी."

"कधी?"

"ती आत गेली होती तेव्हा."

"त्या सुईनंतर कानात नुसती शिट्टी वाजत होती. काही नाही ऐकू आलं."

"मग हं कशाला म्हणालात?"

"तिने विचारलं, करू या ना. मला वाटलं, पुढचं."

काचेचं तावदान भिंतीला टेकवून झालं होतं. माणसं हात झटकत होती. तिला वाटलं, उठावं आणि चालायला लागावं, कुठेही. मग तिने पुन्हा सांगितलं, पहिल्यापासून; कारखान्यात गेले होते, भिंतीशी रांग होती, रीळ आणवलं होतं. या वेळी त्याला सगळं ऐकू येत होतं.

"खिळे नाहीतच?" शेवटी त्याने विचारलं.

"नाहीत. डोकी आहेत नुसती."

"मग चामडं कशाने धरलंय?"

"आतून पिना असतील. आणि वरून गोंद, बहुतेक."

"गोंद," तो म्हणाला.

बोळा अजून त्याच्या हातात होता. त्याने तो उलटा केला, पुन्हा तोंडात घातला आणि त्यावर दात मिटले.